पापलेटासारखा, पण पापलेट नव्हे

ज्याला पापलेट ठाऊक आहे पण हलवा हा मासा ठाऊक नाही, अशा गिऱ्हाइकाला मासळी बाजारात एका वाक्यात सांगतात: पापलेटासारखाच असतो, रंगाने काळपट. वाक्य अगदी नेमकं आहे. आकार तसाच रुंद नि चपटा, पण प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात हलवा पापलेटाच्या कुळात येत नाही. यास्काने निरुक्ताच्या, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या त्याच्या प्राचीन ग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायात गार्ग्य या आचार्याचं उपमेचं लक्षण दिलं आहे: ‘यत् अतत् तत्सदृशम्’, म्हणजे जे ते नाही, पण त्याच्यासारखं आहे. दोन्ही अटी हव्यात. हलवा पापलेटच असता तर ‘सारखा’ म्हणायची गरज नव्हती, आणि काहीच जुळत नसतं तर म्हणता आलं नसतं.

साम्य सांगायची सोय प्रत्येक भाषेत असते, पण ती सोय कशी केलेली असते यात मोठा फरक आहे. आपल्याकडे ‘सारखा’ हा शब्द इतकी कामं करतो की त्याच्या आड निरनिराळे अर्थ दडून राहतात. दुसऱ्या भाषेतून मराठीत आणताना, किंवा मराठीतून बाहेर नेताना, बहुतेक चुका या अर्थांच्या सरमिसळीतून होतात. डहाणूपासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर मराठी, मालवणी, कोंकणी, कन्नड, हिंदी रोज एकमेकींना भेटतात आणि प्रत्येकीची वाटणी निराळी आहे, म्हणून हा विषय इथल्या लिहिणाऱ्यांच्या रोजच्या उपयोगाचा आहे.

आधी वाक्याचे भाग. आपल्या अलंकारशास्त्राने उपमेची चार अंगं सांगितली आहेत. ‘खाडीचं पाणी समुद्रासारखं खारट आहे’ या वाक्यात खाडीचं पाणी हे उपमेय, समुद्र हे उपमान, खारटपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखं’ हा वाचक शब्द. आजचे भाषावैज्ञानिक पाच भाग मोजतात. मार्टिन हास्पेलमाथ आणि ओडा बुखहोल्ट्स यांनी १९९८ मध्ये युरोपातल्या भाषांमधल्या साम्यदर्शक रचनांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, त्यातही हीच विभागणी आहे. पाचवा भाग कुठून आला? इंग्रजीत ‘अ‍ॅज टॉल अ‍ॅज’ म्हणताना एक ‘अ‍ॅज’ गुणाला चिकटतो आणि दुसरा उपमानाला. लॅटिनमधलं ‘ताम… क्वाम’, जर्मनमधलं ‘झो… वी’, स्पॅनिशमधलं ‘तान… कोमो’ हेही तसेच दुहेरी. आपण ‘जितका… तितका’ वापरतो तेव्हा आपल्याकडेही पाच भाग होतात. ‘सारखा’ वापरतो तेव्हा चारच. मराठीत दोन्ही साचे आहेत, हे आधी लक्षात ठेवावं.

चार अंगांपैकी एखादं गाळलं की लुप्तोपमा होते. कवितेत ती शोभते, पाककृतीत घात करते. ‘घावनाचं पीठ ताकासारखं करा’ असं लिहिलं तर ज्याने घावन केलेलं आहे त्याला ते पातळपणाबद्दल आहे हे कळतं. नवख्याला पीठ आंबवायचं आहे असंही वाटू शकतं, कारण ताकाचा पहिला आठवणारा गुण आंबटपणा. आंबोळीचं पीठ खरोखरच आंबवतात आणि घावनाचं आंबवत नाहीत, त्यामुळे हा गोंधळ काल्पनिक नाही. ‘ताकाइतकं पातळ’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. उपमानाचा सर्वांत ठळक गुण आणि आपल्याला हवा असलेला गुण एकच असेल तरच धर्म गाळावा. ‘आमसुलासारखं’ म्हटल्यावर ऐकणारा आंबटाकडे जाणार की काळपट तांबड्या रंगाकडे, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवायला हवं.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीने अष्टाध्यायीत हा भेद समासाच्या नियमांत बांधला आहे. ‘उपमानानि सामान्यवचनैः’ (२.१.५५) या सूत्राने ‘घनश्याम’ होतो: घनासारखा श्याम, यात गुण उच्चारलेला आहे. लगेच पुढच्या सूत्रात, ‘उपमितं व्याघ्रादिभिः सामान्याप्रयोगे’ (२.१.५६), ‘पुरुषव्याघ्र’ येतो, तिथे शौर्य हा गुण उच्चारलेला नाही, आणि तो उच्चारलेला नसेल तरच हा समास होतो. शब्दांचा क्रमही उलटा. गुण दिला की उपमान आधी, गुण गाळला की उपमान नंतर. गुण सांगितला आहे की नाही यावर रचनाच बदलावी, इतकं महत्त्व त्या एका अंगाला आहे.

आता ‘सारखा’. हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’, प्राकृत ‘सरिक्ख’ असा आला आहे. कोंकणीतला ‘सारको’ आणि गुजरातीतला ‘सरखुं’ त्याचेच भाऊ. मुळात ‘दृश्’ धातू आहे, म्हणजे साम्याची सुरुवात दिसण्यापासून. जपानी बोलीतलं ‘मिताई’ हेही पाहण्याच्या क्रियापदावरूनच झालेलं आहे. इंग्रजी ‘लाइक’ आणि जर्मन ‘ग्लाइश’ यांच्या मुळाशी मात्र देह या अर्थाचा शब्द आहे. चिनीतलं ‘श्यांग’ म्हणजे प्रतिमाही आणि सारखं असणंही. व्युत्पत्तीत इतकं पुरे, कारण वापरताना ती फारशी कामाला येत नाही. कामाला येतं ते व्याकरण.

‘सारखा’च्या आधी सामान्यरूप हवं: दगडासारखा, माशासारखा, होडीसारखी. शब्द जोडूनच लिहायचा. आणि तो विशेषणाप्रमाणे लिंगवचनाने बदलतो. त्यामुळे तो कुणाशी जुळतो आहे यावर अर्थ ठरतो. ‘ती आईसारखी बोलते’ आणि ‘ती आईसारखं बोलते’ ही दोन वाक्यं एक नाहीत. पहिल्यात बोलणारी आईची आठवण करून देते: हातवारे, चेहरा, सगळं आलं. दुसऱ्यात नपुंसकलिंगी ‘सारखं’ फक्त क्रियेला लागतं, बोलण्याची ढब तेवढी आईची. घाईत बोलताना लोक दोन्ही मिसळतात, पण लिहिताना हा फरक हातचा घालवू नये असं माझं ठाम मत आहे, कारण फार थोड्या भाषांना तो इतक्या स्वस्तात मिळतो.

गोव्याच्या कोंकणीने हीच वाटणी शब्दांनीच केली आहे. ‘भुरग्याभाशेन रडटा’ म्हणजे मुलासारखं रडतो; ‘भाशेन’ बदलत नाही आणि क्रियेच्या रीतीला लागतो. ‘सारको’ मात्र विशेषण, आणि त्याला ‘बरोबर, योग्य’ असाही पक्का अर्थ आहे. हिंदीत ‘मेरी तरह’ आणि ‘मेरे जैसा’ अशी जोडी आहे, तिचंही साधारण असंच. पाणिनीचं सूत्र तर याच भेदासाठी रचलेलं आहे: ‘तेन तुल्यं क्रिया चेद्वतिः’ (५.१.११५), तुलना क्रियेची असेल तरच ‘वत्’. ‘यंत्रवत् काम करतो’ हे म्हणून बरोबर बसतं. ‘त्याचं डोकं यंत्रवत् मोठं आहे’ असं कुणी लिहिलं तर कानाला खटकतं, आणि खटकण्याचं कारण अडीच हजार वर्षांच्या आसपास जुन्या या अटीत आहे.

मालवणी ऐकताना प्रमाण मराठीच्या कानाला एक सापळा आहे. मालवणीत पुल्लिंगी रूप ओकारान्त: तसो, कसो, इतको. नपुंसकलिंगी रूप मात्र आकारान्त: ‘तसा काय नाय’. घाटावरच्या माणसाला हा ‘तसा’ पुल्लिंगी वाटतो आणि तो कुणाबद्दल बोलताहेत ते शोधत बसतो. मालवणी संवाद लिहिणाऱ्यांनी हे सांभाळावं. नपुंसकी ‘तसा’ला ‘तसं’ केलं की बोली गेली, आणि पुल्लिंगी ‘तसो’ला ‘तसा’ केलं की अर्थ गेला.

पुढची अडचण उपमान नेमकं काय आहे याची. ‘रत्नागिरीतली मासेमारी मालवणसारखी आहे’ या वाक्यात मासेमारीची तुलना गावाशी झाली आहे. म्हणायचं होतं ‘मालवणातल्यासारखी’. मराठीत ही दुरुस्ती फार सुरेख होते: उपमानाला ‘-चा’ किंवा ‘-तला’ लावायचा, मग ‘सारखा’. कालच्यासारखा पाऊस, गावातल्यासारखी शांतता, आईच्यासारखी भाकरी. किनाऱ्यावरच्या खानावळींच्या पाट्यांवर ‘घरच्यासारखं जेवण’ असतं, ‘घरासारखं जेवण’ नसतं, कारण जेवणाचं साम्य घराच्या जेवणाशी आहे, भिंतींशी नाही. इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवणारे इथे हमखास ‘घरासारखं वाटतं’ लिहितात. तुर्कीत हुबेहूब आपलीच युक्ती आहे: ‘एवदेकी गिबी’, म्हणजे ‘घरात-असलेल्या-सारखं’.

तरीही शंका राहिली तर वाक्य फोडावं. ‘तिने आईसारखी भाकरी केली’ यात ‘सारखी’ भाकरीशी जुळते आहे, पण ऐकणाऱ्याला ती स्वतः आईसारखी, असंही वाटू शकतं. ‘आई करते तशी भाकरी तिने केली’ म्हटलं की दोघींची कामं वेगळी दिसतात. या साच्यात मूळचा ‘जशी’ आपण सहज गाळतो. ही ‘जसा-तसा’ जोडी संस्कृतच्या ‘यथा-तथा’ची वारस. पण मराठीत याच अर्थाची आणखी एक रचना आहे: ‘तू सांगितल्याप्रमाणे’. धातुसाधित घ्यायचं आणि त्याला शब्दयोगी अव्यय जोडायचं. कन्नडमध्ये अगदी असंच म्हणतात: ‘नीनु हेळिद हागे’, तू सांगितलेल्या-सारखं. उत्तरेचा साचा आणि दक्षिणेचा साचा दोन्ही मराठीत एकाच घरात नांदतात. लांब वाक्यात ‘प्रमाणे’ बरं, दोन माणसांच्या दोन कृती समोरासमोर ठेवायच्या असतील तर ‘तसा’ बरा.

नकार आला की ‘सारखा’ सर्वांत धोकादायक होतो. ‘तो तुझ्यासारखा खोटं बोलत नाही.’ तू बोलतोस आणि तो बोलत नाही? की तूही बोलत नाहीस आणि तोही? दोन्ही अर्थ निघतात आणि पहिला अर्थ भांडण लावणारा आहे. इलाज दोन. दोघेही खरे असतील तर ‘तुझ्यासारखाच तोही खोटं बोलत नाही’. ‘च’ आणि ‘ही’ मिळून काम करतात. फरक दाखवायचा असेल तर तो सरळ सांगावा: ‘तू बोलतोस तसं खोटं तो बोलत नाही.’ अर्ज, तक्रारी, बातम्या यांत नकारार्थी वाक्यात ‘सारखा’ टाळलेलाच चांगला.

आणि आता गार्ग्याच्या लक्षणालाच छेद देणारा वापर. ‘रत्नागिरीसारख्या शहरात पाणीटंचाई आहे.’ इथे रत्नागिरीहून वेगळ्या शहराबद्दल कुणी बोलत नाही. टंचाई रत्नागिरीतच आहे. ‘तुझ्यासारख्या शहाण्याने असं करावं?’ यात करणारा तूच. सामान्यरूपातला ‘सारख्या’ उपमानालाच आपल्या वर्गात ओढून घेतो आणि त्याचा एक नमुना म्हणून उल्लेख करतो. बोलताना यात मजा आहे, पण ‘आंबा, काजू यांसारख्या पिकांना अनुदान’ असं लिहिलं तर आंबा-काजूला मिळणार की त्यांच्यासारख्या इतर पिकांना, असा प्रश्न रास्त ठरतो. रिवाजाने त्यांनाही मिळणार असाच अर्थ होतो. तरी जिथे पैशाचा संबंध आहे तिथे ‘आंबा, काजू इत्यादी पिकांना’ किंवा सरळ पूर्ण यादी लिहावी. ‘हापूससारखा हापूसच’ यातही उपमेय आणि उपमान एकच. अलंकारशास्त्राने त्याला अनन्वय म्हटलं आहे. तिथे साम्याच्या रूपात साम्य नाकारलेलं असतं.

‘सारखा’चे बाकीचे अर्थ: ‘सारखा रडतो’ म्हणजे सतत, ‘दोन सारखे भाग’ म्हणजे समान, ‘चादर सारखी कर’ म्हणजे नीट, ‘बघण्यासारखं’ म्हणजे बघायच्या लायकीचं. मराठी शिकणाऱ्याला हे एकेक करून सांगावे लागतात.

आतापर्यंत पाहिलं ते साम्याचं पहिलं काम, प्रकार सांगण्याचं. आता दुसरं काम: प्रकार नव्हे, प्रमाण. मराठीत इथे ‘एवढा’ आणि ‘इतका’ येतात. तुर्कीत ‘गिबी’ प्रकाराला आणि ‘कदर’ प्रमाणाला, अशी सरळ वाटणी आहे. ‘कदर’ हा अरबीतून आलेला, मूळ अर्थ प्रमाण. आपली वाटणी त्याहून बारीक. ‘एवढा’ डोळ्यांनी मोजता येणाऱ्या आकाराला आणि वयाला: मुठीएवढा, करंगळीएवढी कोलंबी, माझ्याएवढा मुलगा. ‘इतका’ गुणाच्या तीव्रतेला आणि संख्येला: तुझ्याइतका हुशार, गेल्या वर्षीइतके आंबे. ‘तुझ्याएवढा हुशार’ सर्रास ऐकू येतं, ते चूक म्हणवत नाही, पण ‘मुठीइतका दगड’ मात्र मला अर्धवट वाटतो. ऐकणारा पुढच्या गुणाची वाट बघत राहतो. कोंकणीत ‘एदो’ आणि ‘इतलो’ ही जोडी याच रेषेवर उभी आहे. पाण्याच्या खोलीसाठी तिसराच प्रत्यय आहे, ‘-भर’: घोटाभर पाणी, गुडघाभर पाणी. खाडी उतरून जायची असेल तेव्हा याइतकं उपयोगी माप नाही, फक्त गुडघा कुणाचा ते विचारून घ्यावं.

‘माझ्याइतका उंच’ ही रचना नीट बघितली तर तिचा सांगाडा दक्षिणेशी जुळतो. कन्नडमध्ये ‘नन्नष्टु एत्तर’: ‘अष्टु’ म्हणजे तितकं, दाखवण्याचा शब्द. मराठीतही ‘इतका’, ‘एवढा’ हे दाखवण्याचेच शब्द. हिंदीत मात्र ‘मेरे जितना लंबा’, तिथे संबंधी सर्वनाम ‘जितना’ येतं. ‘मेरे जैसा’तही तेच. म्हणून हिंदीच्या सवयीने ‘माझ्याजितका’ म्हटलं की ते मराठी राहत नाही. मुंबईच्या हिंदीत मराठी माणूस ‘मेरे इतना लंबा’ म्हणतो तेव्हा चूक उलट्या दिशेने झालेली असते.

काही भाषा बरोबरी ‘एक’ या शब्दातून काढतात. इंडोनेशियनमध्ये ‘तिंग्गी’ म्हणजे उंच, ‘सेतिंग्गी साया’ म्हणजे माझ्याइतका उंच. तो ‘से’ म्हणजे एक. फिनिशमध्येही बरोबरीच्या रचनेत ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचंच रूप गुणाच्या आधी येतं. आपलं ‘एकसारखे’ त्या वाटेचं. मात्र ‘एकसारखे’ला उपमान लागत नाही, दोन्ही बाजू कर्त्यातच असतात: ‘दोघे भाऊ एकसारखे’. ‘तो त्याच्या भावाशी एकसारखा’ असं होत नाही. चिनीत मात्र ‘याच्या-त्याच्यासह एकच तऱ्हा’ अशा अर्थाची रचना हीच साधी बरोबरी आहे.

‘इतका’ आणि ‘सारखा’ यांचा खरा फरक नकारात उघडा पडतो. ‘हा मासा त्याच्यासारखा नाही’ म्हणजे वेगळा. चांगला की वाईट, मोठा की लहान, काही कळत नाही. ‘हा मासा त्याच्याएवढा नाही’ म्हणजे लहानच. मोठा असता तर कुणी असं म्हणणार नाही. याचं कारण असं की ‘एवढा’ आणि ‘इतका’ किमान मर्यादा सांगतात. ‘कमरेइतकं पाणी आहे’ या वाक्यानंतर ‘थोडं जास्तच असेल’ असं जोडता येतं, वाक्य खोटं ठरत नाही. नकार दिला की ती किमान मर्यादाच गाठलेली नाही असा अर्थ होतो. मोजमापाच्या बाबतीत फक्त वेगळेपण सांगायचं असेल तर ‘एवढा नाही’ लिहू नये, वाचणारा त्यात कमीपणा वाचणार.

तिसरं काम भूमिकेचं, आणि इंग्रजीतून येणाऱ्या मजकुरात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. ‘तो बोटीवर खलाशी म्हणून होता’ आणि ‘तो बोटीवर खलाशासारखा होता’. पहिला खलाशी आहे, दुसरा नाही. जर्मनमध्ये पहिल्यासाठी ‘आल्स’, दुसऱ्यासाठी ‘वी’. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अ‍ॅज’, दुसऱ्यासाठी ‘लाइक’, पण तोच ‘अ‍ॅज’ बरोबरीतही येत असल्याने भाषांतर करणारा घसरतो. पोर्तुगीजमध्ये दोन्हीकडे ‘कोमु’च आहे आणि फरक फक्त पुढच्या उपपदाने होतो: ‘कोमु प्रोफेसोर’ म्हणजे शिक्षक म्हणून, ‘कोमु उम प्रोफेसोर’ म्हणजे एखाद्या शिक्षकासारखा. मराठीचा ‘म्हणून’ मुळात ‘असं म्हणत’. त्या नावाने, त्या पदाने. तपासायची पद्धत सोपी: वाक्यानंतर ‘पण तो प्रत्यक्षात तसा नव्हता’ हे जोडून बघावं. जोडता आलं तर ‘सारखा’, अर्थ मोडला तर ‘म्हणून’. ही चाचणी म्हणजे गार्ग्याची ‘अतत्’ ही अटच.

चौथं काम भासाचं: पाऊस पडल्यासारखं वाटतंय, ओळख असल्यासारखा हसला, जणू काही घडलंच नाही. ‘पाऊस येईलसं वाटतं’ यात ‘असं’ आखडून ‘-सं’ झालं आहे, म्हणून ते जोडूनच लिहायचं. ‘जणू’ आणि ‘-ल्यासारखा’ एकाच वाक्यात आणण्याची खोड हल्ली दिसते, एकाने भागतं.

सर्वच भाषा साम्यासाठी वेगळा जोडशब्द ठेवत नाहीत. तमिळमध्ये ‘पोल’ हे मुळात सारखं असणं या अर्थाचं क्रियापद आहे, त्यामुळे उपमान द्वितीयेत जातं: ‘अवनैप् पोल’, शब्दशः ‘त्याला सारखं असत’. संस्कृतात तर नामालाच क्रियापद करण्याची सोय आहे. ‘कर्तुः क्यङ् सलोपश्च’ (३.१.११) याचं परंपरेतलं उदाहरण ‘श्येनायते काकः’: कावळा ससाण्यासारखा वागतो. पूर्ण उपमा दोन शब्दांत. वैदिक भाषेत याहून चमत्कारिक प्रकार आहे, तिथे ‘न’ या एकाच अव्ययाने नकारही होतो आणि उपमाही. यास्काने ओळखण्याची खूण दिली आहे: ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ आला तर नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर ‘सारखा’. ‘दुर्मदासो न सुरायाम्’ म्हणजे सुरेने मातलेल्यांसारखे. ही जागा चुकली तर ऋचेचा अर्थ उलटा होतो.

राहिले प्रत्यय. ‘ईषदसमाप्तौ’ (५.३.६७) हे सूत्र सांगतं की एखादी गोष्ट पूर्ण तशी नसून जराशी कमी आहे, हे दाखवायला ‘कल्प’, ‘देश्य’, ‘देशीय’ लागतात. मराठीत ही जागा रंग आणि चव यांच्या प्रत्ययांनी भरली आहे: काळसर, तांबूस, हिरवट, पांढुरका, गोडसर, आंबूस, कडवट. हे प्रत्यय अदलाबदल करून चालत नाहीत. ‘हिरवट’, ‘पिवळट’ यांत नापसंतीची छटा येते, ‘तांबूस’मध्ये येत नाही. पिकायला ठेवलेल्या फळाचं ‘पिवळसर झालं’ हे सुचिन्ह, आणि चेहरा ‘पिवळट दिसतो’ म्हटलं की आजार. ‘-कट’ तर बहुधा तक्रारीसाठीच: मातकट, तेलकट, धुरकट, पोरकट. जाहिरातीत किंवा मालाच्या वर्णनात ‘-ट’ आणि ‘-कट’ येऊ देऊ नयेत, वाक्य कितीही चांगलं असलं तरी प्रत्यय माल पाडतो.

याच्या उलट ‘-ई’ निर्मळ आहे. वस्तूचं नाव घ्यायचं, ‘-ई’ लावायची, रंग तयार: आकाशी, डाळिंबी, शेवाळी, पोपटी, आमसुली. इथे उपमान, वाचक आणि धर्म सगळे एका शब्दात बसलेले असतात, आणि धर्म नेहमी रंगच असतो. चवीसाठी हा प्रत्यय असा चालत नाही: ‘आमसुली साडी’ म्हटल्यावर कुणालाही आंबटपणा आठवत नाही. ‘आमसुली आमटी’ म्हटलं तर मात्र आमसूल घातलेली आमटी असा अर्थ होतो, आमसुलाच्या रंगाची नव्हे. खाण्याच्या वस्तूवर रंग सांगायचा असेल तर ‘आमसुली रंगाची’ असं पूर्ण लिहावं.